जुलाब म्हणजे लस नव्हे

पावसाळा सुरू झाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला नात्यातल्या दोन ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर आला. त्याचा आशय असा: पोटाच्या संसर्गात जंतू विष सोडतात, शरीर ते ओळखून अँटीबॉडी बनवतं आणि माणूस जन्मभरासाठी सुरक्षित होतो. जुलाबावाटे विष बाहेर पडतं, म्हणून ओआरएस वगैरे देऊ नका. लस म्हणजे तेच विष बाटलीत भरलेलं. बाळालाही चौथ्या महिन्यापासून न उकळलेलं पाणी पाजा, पोट घट्ट होतं.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हे वाचून एखाद्या घरात ओआरएसची पुडी बाजूला ठेवली जाईल, या भीतीने लिहिते आहे.

‘शरीर विष ओळखतं आणि जन्मभर संरक्षण मिळतं’

अर्धं वाक्य खरं आहे, म्हणूनच मजकूर पटतो. कॉलऱ्याचा जंतू विष सोडतो हे शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. या विषाचे पाच भाग आतड्याच्या पेशीला चिकटतात आणि सहावा आत शिरून घात करतो. कॉलरा होऊन गेलेल्यांच्या रक्तात त्याविरुद्धच्या अँटीबॉडी सापडतात. इथवर वाद नाही.

‘जन्मभर’ हा शब्द मात्र खोटा आहे. विषावर मारा केला की काम झालं, असं एके काळी शास्त्रज्ञांनाही वाटलं होतं. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशी तशाच आहेत. म्हणून १९७०च्या दशकात कॉलऱ्याचं विष निष्प्रभ करून बांगलादेशातल्या मतलब भागात लोकांना टोचून पाहिलं. पदरी निराशा आली. पुढे १९८५मध्ये तिथेच तोंडावाटे द्यायच्या दोन लशींची तुलना झाली. एकीत नुसते मेलेले जंतू होते, दुसरीत त्यांच्या जोडीला विषाचा निरुपद्रवी, चिकटणारा भाग. सहा महिन्यांपर्यंत विषाचा भाग असलेली लस सरस ठरली: ८५ टक्के संरक्षण, दुसरीचं ५८. तीन वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा दोघींचं संरक्षण निम्म्याच्या आसपास, सारखंच. म्हणजे विषाविरुद्धची ढाल खरी, पण काही महिन्यांची.

असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. विष काम करतं आतड्याच्या पोकळीच्या बाजूने, आणि रक्तातल्या अँटीबॉडी तिथे फारशा पोचत नाहीत. उपयोगी पडतात त्या आयजीए जातीच्या, अस्तरातून पाझरणाऱ्या अँटीबॉडी, आणि त्या काही महिन्यांत ओसरतात. मागे राहतात आठवण धरणाऱ्या पेशी. त्यांना जागं होऊन कामाला लागायला काही दिवस लागतात, आणि कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांच्या आत गाठतो.

सगळ्यात मोठा पुरावा तर मद्रासमध्ये मिळाला. १९९२च्या अखेरीस तिथे कॉलऱ्याच्या जंतूचा ओ-१३९ हा नवा प्रकार उपटला आणि बंगाल, बांगलादेशापर्यंत गेला. त्याचं बाहेरचं साखरेचं आवरण बदललेलं होतं, विष मात्र तेच जुनं. मजकुरातला दावा खरा असता, तर कॉलऱ्याच्या पट्ट्यात आयुष्य काढलेली मोठी माणसं वाचायला हवी होती. तीच मोठ्या संख्येनं आजारी पडली. कॉलऱ्यानंतर मिळणारं संरक्षण मुख्यतः त्या आवरणाविरुद्ध असतं, आणि तेही काही वर्षांचं.

मग विषाविरुद्धच्या अँटीबॉडी निरुपयोगी का? मुळीच नाही. अँटिबायोटिकनंतर रुग्णालयात गाठणारा क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल हा जंतू दोन विषं सोडतो, ए आणि बी. बी विषाविरुद्ध बाहेरून दिलेल्या अँटीबॉडीने आजार उलटण्याचं प्रमाण शंभरात सुमारे २७वरून १७वर आणलं, आणि २०१६मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ए विषाविरुद्धच्या अँटीबॉडीचा काही फायदा दिसला नाही. तेव्हा कशाविरुद्धची, कुठे आणि किती दिवस टिकणारी, हे विचारल्याशिवाय ‘अँटीबॉडी तयार झाल्या’ या वाक्याला अर्थ नाही.

‘संसर्ग जितके जास्त, अँटीबॉडी तितक्या जास्त, शरीर तितकं बळकट’

पुण्यात तरी हे कुणी पुढे पाठवू नये. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गिया बारे सिंड्रोमची, म्हणजे शरीर स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं त्या आजाराची, साथ आली आणि संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. या जंतूच्या आवरणातली साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते. जंतूवर रोखलेल्या अँटीबॉडी मग नसांवरच जाऊन पडतात, हातपाय लुळे होतात, कधी श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. नसांवरच्या ज्या रेणूंशी गफलत होते त्यातला एक जीएम-१. कॉलऱ्याचं विषही आतड्यात याच रेणूला चिकटतं.

‘जुलाबावाटे विष निघून जातं’

तोवर ते पेशीत शिरलेलं असतं. आत गेल्यावर ते क्षार आणि पाणी बाहेर सोडणारी यंत्रणा चालू करतं, ती बंदच होत नाही. बाहेर पडतं ते आपल्याच शरीरातलं पाणी, तीव्र कॉलऱ्यात तासाला लिटरभरसुद्धा. रक्ताचे जुलाब असताना स्वतःच्या मनाने जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नये, हे बरोबर. पण ओआरएस जुलाब रोखत नाही, गेलेलं पाणी भरून काढतं. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या आत आलं.

‘लस म्हणजे तेच विष’

आपल्याकडे बनलेल्या, तोंडावाटे घ्यायच्या कॉलरा लशीत मेलेले जंतू असतात, विष नसतं. कोलकात्यात तिने पाच वर्षांत ६५ टक्के संरक्षण दिलं.

‘बाळाला साधं पाणी पाजा’

मला सगळ्यात जास्त राग या ओळीचा आला. मतलबमध्येच अंगावर पिणाऱ्या बाळांचा आणि त्यांच्या आयांच्या दुधाचा अभ्यास झाला होता. दुधात कॉलऱ्याच्या विषाविरुद्ध आणि आवरणाविरुद्ध आयजीए भरपूर असलं, तरी जंतू बाळाच्या पोटात जायचे थांबले नाहीत. पण गेल्यावरही ती बाळं आजारी कमी पडली. आईच्या अँटीबॉडी जिथे हव्यात तिथेच, आतड्याच्या पोकळीत, प्रत्येक पाजण्याला ताज्या पोचतात. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. वाटीभर पाणी पाजलं की तेवढं दूध कमी प्यायलं जातं, आणि त्या वाटीतून जंतू मात्र आत जातात.