‘सुटले ना शेवटी, मग आता कशाला रडता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काढणार नाही, पण उत्तर जरा लांबेल. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून जन्मठेप झालेले दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या सुटकेसाठी आम्ही सह्या गोळा करायचो त्यावरून तुम्ही लिहिलंय की गडचिरोलीत जवान मरतात तेव्हा तुम्ही कुठे असता, आणि शेवटी कोर्टाने टेक्निकल मुद्द्यावर सोडलंच ना, मग आता कशाला रडता.

आधी जवानांचं. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाचा. 1 मे 2019 ला कुरखेड्याकडच्या जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी केलेल्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर गेला, कुरखेडा आमच्यापासून काही लांब नाही, त्या दिवशी आमच्या घरात कुणाला घास गेला नाही. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात तसूभर माया नाही. पण साईबाबा तेव्हा दोन वर्षांपासून नागपूर जेलच्या अंडा सेलमध्ये, म्हणजे एकांतातल्या कडक पहाऱ्याच्या कोठडीत होते, त्या स्फोटाचा हिशोब त्यांच्या आजारपणाच्या अर्जावर कसा काय मांडता?

आता टेक्निकल. 14 ऑक्टोबर 2022 चा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा सुटकेचा निकाल यूएपीएच्या (दहशतवादविरोधी कायद्याच्या) मंजुरीच्या, म्हणजे खटला चालवायला लागणाऱ्या सरकारी परवानगीच्या मुद्द्यावर होता हे खरं, आणि दुसऱ्याच दिवशी शनिवार असूनही सुप्रीम कोर्टाने खास बसून त्याला स्थगिती दिली, पुढे तो निकाल रद्द करून केस परत नागपूरला पाठवली. मग दुसऱ्या खंडपीठाने सगळं नव्याने ऐकलं आणि 5 मार्च 2024 ला सांगितलं की मंजुरी तर चुकीची होतीच, पण पुरावाही टिकत नाही, जप्तीच नीट सिद्ध झालेली नाही, आणि इंटरनेटवरचं साहित्य नुसतं डाउनलोड करणं हा गुन्हा होत नाही. सरकार वर सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे स्थगिती मिळाली नाही. यात टेक्निकल काय राहिलं सांगा.

पण हेही बाजूला ठेवा, कारण आमच्या अर्जात ते निर्दोष आहेत असं वाक्यच नव्हतं. लहानपणीच्या पोलिओमुळे 90 टक्के अपंगत्व, व्हीलचेअर, त्यात हृदयाचा त्रास, पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाचं दुखणं, आणि अपील अजून चालू, एवढंच लिहिलं होतं. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना संडासला न्यायला आम्ही घरातली दोन माणसं लागायचो, आणि उचलणारा दहा मिनिटं उशिरा आला तर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी विसरू शकत नाही. साईबाबांना तिथे उचलायला दुसरे कैदीच होते. जन्मठेपेत हे धरलेलं असतं का? कायद्यात अपील चालू असताना शिक्षा स्थगित करायची सोय आहे, आम्ही तीच मागत होतो.

पळून गेले असते म्हणता, तर 2015 ला हायकोर्टाने त्यांना तब्येतीमुळे जामीन दिला होता, तो रद्द झाल्यावर ते स्वतः नागपूरला येऊन हजर झाले, 2016 ला सुप्रीम कोर्टाने परत जामीन दिला आणि 7 मार्च 2017 ला जन्मठेप ऐकायला हा माणूस व्हीलचेअरवर गडचिरोलीच्या कोर्टात हजर होता. 2020 च्या ऑगस्टमध्ये हैदराबादला आई कॅन्सरने गेली, तेव्हा मात्र पॅरोल नाही.

आणि तुमचं ते ‘सुटले ना’ मला सगळ्यात जास्त लागलं. याच केसमधला पांडू नरोटे, आपल्याच जिल्ह्यातला आदिवासी पोरगा, 2022 च्या ऑगस्टमध्ये कैदेतच आजारी पडून गेला आणि ऑक्टोबरमध्ये निकाल आला. तो कुठे सुटला? साईबाबा 7 मार्च 2024 ला बाहेर आले, 12 ऑक्टोबरला हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर गेले, वय 57. ज्या खड्यांचा उल्लेख आमच्या अर्जात होता, तेच. बाहेर असते तर वाचलेच असते असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण ते ऑपरेशन वेळेत, स्वतःच्या डॉक्टरकडे, घरची माणसं उशाशी असताना करायची संधी त्यांना मिळायला हवी होती आणि ती मिळाली नाही.

म्हणून सह्या अजून चालू आहेत दादा, आजारी कैद्याचा तब्येतीचा अर्ज केसच्या निकालासाठी अडकून न राहता आधी ऐका यासाठी. उद्या तुम्ही आणि मी दोघंही दोषी समजतो असा एखादा माणूस आत असा पडलेला असला तरी मी त्याच्यासाठी सही मागायला तुमच्याकडे येणार आहे.