दोन प्रश्न विचारले म्हणून लगेच शिक्का बसत नाही

तुमची कमेंट नीट वाचली. ओपीडीत एकेका पेशंटला धड पाच मिनिटं मिळत नाहीत, त्यात साधे डॉक्टर मनाबद्दल विचारायला लागले तर जरा उदास दिसला की डिप्रेशनचा शिक्का आणि गोळी चालू, त्यापेक्षा हे काम सायकियाट्रिस्टवर सोडा, असं तुमचं म्हणणं.

शिक्क्याची भीती खरी आहे. 2009 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा मिळून एक आढावा आला होता, त्यातला हिशोब असा की फॅमिली डॉक्टरकडे 100 पेशंट आले आणि त्यातल्या 20 जणांना डिप्रेशन असलं तर साधारण 10 ओळखले जातात, 10 सुटतात, आणि वर 15 जणांना नसताना आहे असं वाटतं. पण त्याच आढाव्यात हेही आहे की एका भेटीवर न ठरवता पेशंटला काही महिने बघत राहिलं तर निदान सुधारतं. म्हणजे विचारणं बंद करून भागणार नाही, विचारून परत बोलवायला हवं.

आणि सायकियाट्रिस्टकडे पाठवायचं तरी कुणाला? माणूस "मी उदास आहे" म्हणत येतच नाही हो. तो येतो अंगदुखी, धडधड, अपचन, झोप नाही, गळून गेल्यासारखं वाटतं असलं काहीतरी घेऊन, रिपोर्ट नॉर्मल येतात, टॉनिक घेऊन जातो, महिन्याने पुन्हा हजर, आणि घरी सगळे म्हणतात याला काही झालेलं नाही. या माणसाचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याचं दुखणं खोटं नसतं.

त्याला दोनच प्रश्न विचारायचे: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतंय का. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 मार्क (त्रास जितके जास्त दिवस, तितके जास्त मार्क), बेरीज 3 किंवा जास्त आली तर पुढचा नऊ प्रश्नांचा फॉर्म, तो नर्सही भरून घेऊ शकते. त्या दोन प्रश्नांना मिनिटभर पुरतं. पण हे निदान नाही! त्यानंतर थायरॉईड, हिमोग्लोबिन, दारू, चालू औषधं, घरात नुकतंच कुणी गेलंय का हे बघायचं. आणि पूर्वी कधी झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, पैशांची उधळपट्टी असे दिवस गेलेत का हे विचारायचंच, कारण बायपोलर (कधी उदासी तर कधी असा बेफाम उत्साह, असा आजार) असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळीने मेनिया, म्हणजे तो बेफाम उत्साह, उसळू शकतो. सौम्य त्रासात तर गोळीची घाईच नको, बोलणं, झोपेचं बघणं, दोन आठवड्यांनी परत भेट.

फॉर्मातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारल्याने डोक्यात विचार घुसतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं होत नाही, उलट कितीतरी जणांना सुटल्यासारखं वाटतं. तिथे "हो" आलं तर मात्र पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, मनात काही ठरवलंय का हे सरळ विचारायचं, आणि ठरवलं असेल तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी तुम्ही म्हणता त्या सायकियाट्रिस्टकडे.