‘विंडोज १२ रेडी’ लॅपटॉपसाठी कापसाचा चुकारा घालवू नका

संक्रांतीपासून वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘विंडोज १० वाले सगळे कॉम्प्युटर आता टप्प्याटप्प्याने लॉक होणार. विंडोज १२ येत आहे, ते एआय चिपशिवाय चालणार नाही. नवीन ऑफिस फक्त महिन्याच्या भाड्याने मिळेल, त्यात जुन्या वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडणार नाहीत. जुने मराठी फॉन्ट बंद. रॅम महागली आहे, आजच नवीन मशीन बुक करा.’ खाली लाल दिवे आणि ‘सर्वांना पाठवा’.

मी तालुक्याला कॉम्प्युटर टायपिंग शिकवते. असे मेसेज रोज येतात, हाही सोडून दिला असता. पण माझा मोठा भाऊ हा मेसेज वाचून थेट दुकानात गेला आणि कोटेशन घेऊन आला. कापसाचे चुकारे नुकतेच झाले आहेत, पुतणीची कॉलेजची फी पुढे उभी आहे, आणि हा म्हणतो, “घ्याच लागन नं आता, नाई तं घरचं मशीन बंद पडन.” म्हणून लिहायला बसले.

आधी विंडोज १२, कारण सगळी भीती तिथूनच पसरली आहे. मी हे लिहितेय तोवर मायक्रोसॉफ्टने असं काही जाहीरच केलेलं नाही. तारीख नाही, कोणतं मशीन लागेल त्याची यादी नाही. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी कंपनीने आणलं ते विंडोज ११ चंच २५एच२ व्हर्जन. पुढे काय येणार याचे अंदाज तंत्रज्ञानाच्या बातम्यांवाले बांधत असतात, बांधू देत. पण अंदाज म्हणजे घोषणा नव्हे. अहो, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने कंपनीच्या परिषदेत विंडोज १० हे शेवटचं विंडोज असं सांगितलं होतं. २०२१ मध्ये ११ आलं.

एआय चिपची गोष्ट कुठून आली तेही सांगते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस पीसी’ नावाचा मशीनचा एक वेगळा वर्ग जाहीर केला. त्याला किमान १६ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज आणि ४० टॉप्सचा, म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा, एनपीयू लागतो. एनपीयू म्हणजेच ती एआय चिप. या अटी त्या एका वर्गापुरत्या आहेत. साध्या विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर, या मुख्य अटी. कोणीतरी एकाची अट उचलली आणि न आलेल्या विंडोजला चिकटवली.

आता भावाच्या हातातलं कोटेशन बघा. छापलेलं आहे, ‘सेलेरॉन, ८ जीबी, २५६ एसएसडी’. त्याच्यापुढे निळ्या पेनाने लिहिलंय, ‘विंडोज १२ रेडी’. सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर, त्यात ४० टॉप्सचा एनपीयू नाही. रॅम १६ च्या निम्मी आहे. म्हणजे ज्या मेसेजला घाबरून माणूस दुकानात गेला, त्या मेसेजच्याच अटीत हा लॅपटॉप बसत नाही! आणि अटीच निघालेल्या नसताना ‘रेडी’ हा शब्द कशाच्या आधारावर लिहिला? मला याची चीड येते. आमच्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा वर्षातून एकदा येतो, आणि नेमका त्याच महिन्यात असा मेसेज फिरवून त्याच्या खिशात हात घालायचा. ही सरळ फसवणूक आहे, तिला दुसरं नाव नाही.

मशीन लॉक होणार, हेही खोटं. अर्धी गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मान्य करावी लागते: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. सपोर्ट संपला म्हणजे काय, हे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सपोर्टच्या पानावर स्पष्ट दिलंय. कॉम्प्युटर चालत राहील, फुकटचे सुरक्षा अपडेट बंद होतील, आणि त्यामुळे व्हायरस-हॅकिंगचा धोका वाढेल. लॉकचा उल्लेखही नाही. भावाने ज्या जिनिंगमध्ये कापूस मोजला, तिथल्या वजनकाट्याचं मशीन विंडोज ७ वर आहे. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला, आणि काट्याची पावती त्यातूनच छापून निघाली. अर्थात त्या मशीनला इंटरनेट नाही. घरच्या मशीनवर तुम्ही बँक उघडता, आधार अपलोड करता, तिथे अपडेट पाहिजेतच.

त्याचीही सोय कंपनीने ठेवली आहे. घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात विंडोज अपडेट. तुमचं विंडोज १० जर २२एच२ या शेवटच्या व्हर्जनचं असेल तर तिथे एनरोलची, म्हणजे नाव नोंदवायची, लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे लागत नाहीत. अकाउंटचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तीच पळापळ.

फाइलींचं ऐकून माझी वहिनी रडकुंडीला आली होती, कारण बचत गटाचा सगळा हिशोब एका एक्सेल फाइलीत आहे. वहिनी, ती फाइल उघडते. २००७ च्या आधीच्या एक्सएलएस फाइलीसुद्धा आजचं एक्सेल उघडतं, आणि फुकट मिळणारं लिबरऑफिसही उघडतं. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही त्याच १४ ऑक्टोबरला संपला, त्यावरून ही अफवा उठली असावी. भाड्याचंही तसंच. ऑफिस २०२४ एकदाच पैसे भरून विकत मिळतं.

एकच अपवाद आहे. पब्लिशर हे मायक्रोसॉफ्टचं छपाईची पानं बनवायचं सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२६ मध्ये खरंच बंद होतंय, आणि मायक्रोसॉफ्ट ३६५, म्हणजे भाड्याचं ऑफिस, घेणाऱ्यांना त्यानंतर त्यात पब्लिशरच्या फाइली उघडता येणार नाहीत. लग्नपत्रिका, हँडबिलं त्यात केली असतील तर आत्ताच पीडीएफ करून ठेवा. मेसेजवाल्याला हे मात्र माहीत नव्हतं.

फॉन्टचं थोडक्यात. कृतिदेव ही साधी फॉन्टची फाइल आहे, विंडोज ११ वर चढते. मंगल हा युनिकोड फॉन्ट दिसला नाही तर ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाका.

राहिली रॅम. हे खरं आहे, नाइलाजाने म्हणते. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि भाव चढले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर ३ डिसेंबर २०२५ ला क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण भाव चढलेले असताना, घरातलं मशीन चालू असताना, घाईने खरेदी करायची ती कशासाठी? अडलंच असेल आणि घ्यायचाच असेल, तर बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि नंबर लिहून मागा. ‘विंडोज १२ रेडी’ असं कोणी लिहून दिलं, तर मायक्रोसॉफ्टच्या कोणत्या पानावर ते छापलंय ते आधी त्याच्याच मोबाइलवर उघडून दाखवायला सांगा.