सत्य सापडू नये म्हणून घ्यायची काळजी

पन्नाशी जवळ आली, घराच्या कर्जाचे शेवटचे हप्ते उरले आणि मुलं फोन उचलेनाशी झाली, की एखाद्या पहाटे माणसाला उगाचच जाग येते आणि 'हे सगळं कशासाठी?' असं वाटू लागतं. तुम्हालाही वाटलं असेल. घाबरू नका, आधी पित्ताची गोळी घेऊन बघा. तरीही प्रश्न हटला नाही, तर तुम्हाला अध्यात्माची ओढ लागली आहे असं समजून पुढचं वाचा.

लोकांना धास्ती असते, की जन्मभर शोधूनही सत्य सापडलं नाही तर? अहो, सापडलं तर? ज्यांना सापडलं त्यांचे हाल बघा. आळंदीच्या विठ्ठलपंतांच्या चारही लेकरांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना त्याच कुसाखाली गाडले गेले. त्यांचं ठीक होतं, त्यांच्या डोक्यावर सोसायटीचं सेक्रेटरीपद नव्हतं. तुम्हाला असं वाऱ्यावर सोडून चालणार नाही.

तेव्हा शोध जरूर घ्या, फक्त प्रश्न निवडायला शिका. 'मी कोण?' असल्या भानगडीत पडू नका. कुणाच्या तरी सासूबाईंकडे ज्याचं उत्तर तयार आहे असाच प्रश्न धरावा. उदाहरणार्थ, उपासाला कोथिंबीर चालते का?

हसू नका. या एका प्रश्नावरून दोन सख्ख्या जावांमधला अबोला मी जवळून पाहिला आहे. एकीच्या माहेरी चालायची, दुसरीच्या माहेरी नाही. मधल्या मध्ये दीर बिचारा खिचडीतली हिरवी पानं बोटाने ताटाच्या कडेला लावत बसायचा. त्या घरात ईश्वर आहे की नाही यावर कधी कुणी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही.

आता त्या ताटात काय काय चालतं ते बघा. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, रताळंही तिकडचंच. कोलंबस त्या बाजूच्या बेटांना लागला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, आणि त्यानंतर पोर्तुगीज गलबतांमागून ही मंडळी हळूहळू आपल्या स्वयंपाकघरात शिरली. ज्ञानोबांनी समाधी घेतली ती १२९६ साली. म्हणजे माउलींनी आयुष्यात एकाही एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्लेली नाही. वर हिरवी मिरची नाही, शेजारी बटाट्याची भाजी नाही. कशी काढली असेल एकादशी, देव जाणे! कोथिंबीर मात्र तेव्हाही इथल्या वाफ्यात होती. सातासमुद्रापलीकडचा बटाटा सोवळ्यात आणि दारची कोथिंबीर उंबऱ्याबाहेर, हे कसं काय, असं विचारावंसं वाटेल. विचारू नका. कूट भरपूर घाला.

मग गुरू. गुरू करताना एकच पथ्य पाळा: हातात खराटा असलेला माणूस टाळा. गाडगेबाबा गावात आले की आधी रस्ते नि गटारं झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनातही सरळ सांगणं नाही. समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. कर्ज काढून सण करू नका, नवसाला बकरं कापू नका, पोरं शाळेत घाला. पाया पडायला कुणी वाकलं की काठी उगारायची. सांगा, अशाने कुणाला मनःशांती लाभेल? पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा बांधली ती चोखामेळ्याच्या नावाची, आणि पुढे तीही आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. अशा माणसाचं करायचं तरी काय? आपण मार्ग काढला. अमरावतीच्या विद्यापीठाला नाव दिलं, ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला नाव दिलं, कचेऱ्यांत तसबिरी लावल्या. खराटा तसबिरीत छान दिसतो.

तुमच्यासाठी गार हॉलमधला गुरू बरा. प्रश्न आधी चिठ्ठीवर मागवतो, तुमच्या श्वासाची चौकशी करतो, तुमच्या भाडेकरूची करत नाही.

पंढरपूरला मात्र एकदा जाऊन या. आषाढीला पदस्पर्शाची रांग पार गोपाळपूरच्या बाजूला पोचते, तेव्हा त्या वेळी न गेलेलं बरं. आडवारी जा, कुणाची तरी ओळख काढा. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी लागेल. तिथे थबकू नका, चपला कुठे ठेवायच्या याची चौकशी करा. पुढे नामदेव पायरी. त्यावर पाय पडू देऊ नका. वाकून हात लावा, हात कपाळाला लावा. आत गेलात की विटेवर डोकं टेकवायला तुम्हाला दोनेक सेकंद मिळतील. मग मागून एक हात खांद्यावर येईल आणि 'चला माउली, पुढे चला' ऐकू येईल. सत्याशी एवढी गाठ पुरते. तेवढ्या वेळात चपलांची आठवण आलीच, तर खंत करू नका, सगळ्यांना येते.

आणि कुणी पोरगं विचारेल, की चोखोबा बाहेर का? सांगा, ते जुन्या काळचं. किती जुन्या, असं विचारलं तर विषय बदला. कारण चोखोबा गेले १३३८ साली आणि त्यांच्या माणसांसाठी ते दार उघडलं मे १९४७ मध्ये, तेही साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा. ६०९ वर्षं. त्या उपासाला काय काय चालत होतं याची मात्र कुठे चर्चा झाली नाही. दार उघडायच्या आधी काही मंडळींनी म्हणे मूर्तीतलं देवाचं तेज एका घागरीत काढून ठेवलं होतं, बाटू नये म्हणून. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं. अशी एक घागर प्रत्येक साधकाच्या घरी असावी.

घरी परतलात, की येत्या एकादशीला सोसायटीच्या हॉलमध्ये भजन ठेवा. टाळ भाड्याने मिळतात. त्या दिवशी सगळ्यांना माउली म्हणा, वॉचमनलासुद्धा. अभंग म्हणताना डोळे मिटा. ओळी नीट ऐकू आल्या की त्रास होतो, तेव्हा ढोलकी जरा जवळ बसवा.

शेवटी खिचडीच्या बश्या फिरवा. जिना झाडणाऱ्या मावशी तोवर खाली पहिल्या पायरीवर बसलेल्या असतील. त्यांनाही द्या. त्यांची ताटली वेगळी आहे, ती खिडकीत पालथी घातलेली सापडेल. आणि देताना कोथिंबीर तेवढी वेचून काढा. त्यांचाही उपास आहे.