‘पोट्टी आठशे मीटर धावते अन् साहेब होते’ म्हणे!

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सध्या दारव्ह्यापासून आरमोरीपर्यंत फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: एनडीएत (फौजेचे अधिकारी घडवणारी खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मुली घ्यायच्या म्हणून निकष खाली आणले, मुलगा सोळाशे मीटर धावतो, पोट्टी आठशेत साहेब होते, अमेरिकेनं हे करून पाहिलं, तिथंही बाया टिकल्या नाहीत, आपल्या पोरांच्या जागा गेल्या, लग्न झालं की या नोकरी सोडतात, आणि खेड्यातला जवान बाईचा हुकूम मानणार नाही. शेवटी ‘खरे देशभक्त असाल तर दहा ग्रुपवर टाका’. मी टाकला नाही, उत्तर लिहायला बसले.

आधी ते आठशे मीटर. लिहिणाऱ्यानं तीन भरत्यांचं एकच भरीत केलंय. ८०० मीटर आहे महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत. तिथं मुलांना १६०० मीटर, मुलींचा गोळा ४ किलोचा आणि मुलांचा ७.२६० किलोचा. अग्निवीर म्हणून मिलिटरी पोलिसात जायचं तर मुलीलाही १.६ किलोमीटरच धावावं लागतं, तेही साडेसात मिनिटांत, फार तर आठ. शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी. आणि एनडीएच्या प्रवेशाला अशी धावण्याची चाचणीच नाही, मुलांनाही नाही. ९०० गुणांची लेखी, ९०० गुणांची एसएसबी म्हणजे निवड मंडळाची मुलाखत, मग मेडिकल. घाम गाळायचा तो खडकवासल्याला दाखल झाल्यावर, तीन वर्षं. तिथं शारीरिक चाचण्यांचे काही मापदंड मुलींसाठी वेगळे आहेत, हे खरं. बाकी प्रशिक्षण एकत्रच.

‘वेगळा मापदंड म्हणजे सवलत’ हाच मेसेजचा कणा आहे, म्हणून इथं जरा थांबू. फौजेत मापं दोन तऱ्हेची असतात. एक शरीर तंदुरुस्त आहे का हे बघायचं. बीपीईटी नावाच्या चाचणीत पाच किलोमीटर धावायला तिशीच्या आतल्या जवानाला कमी वेळ मिळतो, चाळिशीतल्याला जास्त. म्हणून कुणी सुभेदारसाहेबांना ‘सवलतीवर राहिला’ म्हणत नाही. गोरखा आणि ईशान्येकडच्या मुलांना उंचीत सूट आहे, त्यावरही मेसेज फिरत नाही. दुसरं माप कामाचं, आणि ते सगळ्यांना एकच. कॅप्टन शिवा चौहान जानेवारी २०२३ मध्ये सियाचीनच्या कुमार पोस्टवर, १५,६०० फुटांवर तैनात झाल्या. त्याआधी सियाचीन बॅटल स्कूलमध्ये बर्फाच्या भिंती चढणं आणि हिमभेगांत अडकलेल्याला बाहेर काढणं शिकल्या. माणूस भेगेत पडला तर वर ओढणारीला त्याचं वजन अर्धं करून मिळत नाही.

आता अमेरिका. तिथल्या लष्कराच्या रेंजर स्कूल या खडतर कोर्सला एप्रिल २०१५ मध्ये १९ बायकांनी सुरुवात केली. पाठीवर ओझं घेऊन तीन तासांत १९ किलोमीटर चालणं, चाळीस मिनिटांत आठ किलोमीटर धावणं, सगळं पुरुषांच्याच मापानं. ऑगस्टमध्ये क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेवर उत्तीर्ण झाल्या. बाकीच्या बहुतेक गळाल्या, पण त्या कोर्सला निम्म्याहून जास्त पुरुषही गळतात. ऑक्टोबरमध्ये तिसरी उत्तीर्ण झाली ती लिसा जॅस्टर, वय ३७, दोन लेकरांची आई.

मेसेजवाल्याच्या बाजूनं खरा पुरावा हवा असेल तर तोही आहे, त्यानं तो शोधला नाही एवढंच. त्याच वर्षी मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलानं पुरुषांच्या आणि मिश्र तुकड्यांची तुलना केली. १३४ पैकी ९३ कामांत निव्वळ पुरुषांच्या तुकड्या सरस ठरल्या. हाडा-स्नायूंच्या दुखापती बायकांत ४०.५ टक्के, पुरुषांत १८.८. हे नाकारायचं कारण नाही. पण ही सरासरी आहे, आणि कोर्सला सरासरी जात नाही, एकेक माणूस जातो. दुखापतींमागची काही कारणं तर आपल्याच हातातली. ब्रिटनच्या हवाई दलात मुलींना पुरुषांच्या ढांगेशी ढांग जुळवून संचलन करायला लावलं, त्यात त्यांना कायमच्या दुखापती झाल्या आणि २०१३ मध्ये सरकारला भरपाई द्यावी लागली. आपल्याकडची गोष्ट याहून साधी. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आमच्या गावच्या मैदानावर भरतीच्या सरावाला पहाटे पाचला येणाऱ्या मुली डब्यात भिजवलेले हरभरे आणतात. वेचणीच्या दिवसांत तेही नाही, कारण मैदानावरून सरळ कापसाच्या वावरात जायचं असतं.

‘जागा गेल्या’ हे मात्र खरं. किती गेल्या ते बघा. मुलींनाही एनडीएच्या परीक्षेला बसू द्या, या सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर नोव्हेंबरच्या परीक्षेला पावणेसहा लाखांच्या आसपास अर्ज आले, त्यात पावणेदोन लाखांहून जास्त मुलींचे. पहिल्या तुकडीच्या ४०० जागांपैकी मुलींना मिळाल्या १९. उरलेल्या ३८१ मध्ये आपलं पोट्टं का लागलं नाही, याचा हिशेब त्या १९ जणींकडे मागून काय होणार? त्या तुकडीतल्या १७ जणी ३० मे २०२५ ला प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

लग्नानंतर सोडण्याची गोष्ट तर उफराटी आहे. १९९२ पासून लष्करात बायका अधिकारी म्हणून येतायत. बहुतेक शाखांत त्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरीच नव्हती, चौदा वर्षं झाली की घरी पाठवत. आम्हाला राहू द्या म्हणून त्या कोर्टात गेल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या.

हुकमाचं म्हणाल तर तो युक्तिवाद मेसेजवाल्याचा नाही, त्याच खटल्यातल्या सरकारचा आहे: जवान बहुतांशी खेड्यातले, बाईचं नेतृत्व मानायला त्यांची मनं तयार नाहीत. कोर्टानं तो फेटाळला. मला राग येतो तो आमच्या खेड्याच्या नावावर हे खपवल्याचा. इथं निम्म्या सरपंचपदांवर बाया आहेत (काहींचे नवरे मिरवतात, ते वेगळं). अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ तिन्ही दलांच्या सरसेनापती होत्या, तेव्हा कुणा जवानाला अडचण झाल्याचं ऐकलं नाही.

मी गणित शिकवते, त्यामुळं खरी अडचण रोज डोळ्यांपुढं असते. मैदानावरची एक मुलगी सोळाशे मीटर सव्वासात मिनिटांत मारते. बारावी आर्ट्स, कारण विज्ञान शाखा तालुक्याला आणि परतीची एसटी साडेपाचला. एनडीएच्या आर्मी विंगला आर्ट्स चालतं, पण लेखीत ३०० गुण गणिताचे आहेत, आणि तिनं दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलेलं नाही. नेव्ही आणि एअर फोर्सला तर बारावीत गणित-भौतिकशास्त्र लागतंच. वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, शिवाय अविवाहित. बीएच्या दुसऱ्या वर्षात कुणी एनडीए सांगितलं तेव्हा दार बंद झालेलं असतं, आणि पुष्कळदा पत्रिकाही छापून झालेल्या असतात. ‘मॅडम, हे दहावीत काहून नाही सांगितलं कोणी?’ असं ती विचारते.

तर दहावीतल्या मुलींच्या मायबापांनो: अकरावीला गणित सोडू देऊ नका. नाशिकला २०२३ पासून शासनाची मुलींसाठीची सैनिकी सेवापूर्व संस्था आहे, तिची जाहिरात दहावीतच बघा. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, केंद्र नागपूरला आहे, आणि मुलींना फॉर्मची फी लागत नाही. दहा ग्रुपवर टाकायचंच असेल तर हे टाका.