पाकीट कुठलं?

शनिवारी ज्या वाडग्यातून रँच (सॅलडवर घालायचं, काहीबाही बुडवून खायचं इथलं लाडकं पांढरं ड्रेसिंग) नेलं, त्याच वाडग्यातून ते जवळजवळ तसंच घरी आलं. मधोमध एक खड्डा तेवढा नवीन होता. तो खड्डा एका गाजराचा, आणि ते गाजर कोणाच्या हातात होतं तेही मला चांगलं ठाऊक आहे.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं ओमाहा, सप्टेंबरचा शनिवार. नेब्रास्काच्या फुटबॉल टीमची मॅच, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांच्या अंगणात भलामोठा टीव्ही, जिकडेतिकडे लाल टी-शर्ट, आणि प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं. मी कोथिंबीर वड्या, हिरवी चटणी आणि घरी केलेलं रँच नेलं. "रँच कशाला?" असं नवऱ्याने निघताना विचारलंच. कशाला म्हणजे? इतकी वर्षं वड्या नेते आणि "इंटरेस्टिंग" एवढं एक ऐकून परत येते. म्हटलं, आता यांचंच यांना खायला घालू, बघू काय म्हणतात.

आणि केलं होतं मन लावून. दुकानातलं बटरमिल्क (आपलं पाणीदार ताक नव्हे, इथलं विरजण लावलेलं दाट, आंबट प्रकरण), मेयोनीज, थोडं सावर क्रीम, ठेचलेला लसूण, जाडसर मिरपूड, पार्सली, चाइव्ह्ज आणि भरपूर ताजा शेपू. मग रात्रभर फ्रीजमध्ये. लसूण मुरल्याशिवाय आणि मिश्रण आळल्याशिवाय त्याला चव येत नाही, नुसतं पांढरं पातळ काहीतरी राहतं.

शेपूबद्दल मात्र मला बोलायचंय. सांगलीला आमच्या घरी शेपूची भाजी झाली की मी शेजारी जेवायला जायचे. एकदा खाल्ली की दुसऱ्या दिवसापर्यंत ढेकरांतून हजेरी लावते ती. आणि इथे हा सगळा देश तोच शेपू लहान मुलांच्या चिकन नगेट्सबरोबर चाटूनपुसून खातो! आईला व्हिडिओ कॉलवर वाडगं दाखवलं, तर ती म्हणाली, "दही आहे, लसूण आहे, शेपू आहे. काकडी कुठाय?"

"काकडी यात बुडवून खातात गं."

"म्हणजे कालवायचा कंटाळा," आई म्हणाली आणि तिने विषय बदलला.

तर आजोबा. यजमानांचे सासरे. वय ऐंशीच्या आसपास, डोक्याला लाल टोपी, ढगळ हाफ पँट, आणि त्या पँटच्या मांडीवरच्या खिशात रँचची बाटली. स्वतःची. लोकांच्या घरी जायचं म्हणजे तिथे कुठलं रँच असेल सांगता येत नाही, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं. त्यांनी एक गाजर उचललं, माझ्या वाडग्यात उभं खुपसलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटले. टीव्हीवर कोणीतरी पडलं, अंगणभर आरडाओरडा झाला, तरी हे गाजर चावतच होते.

"हे कोणी केलं?"

"मी."

"पाकीट कुठलं?"

"पाकीट नाही. सगळं ताजं घालून केलंय."

"ते कळलं. पण पाकीट कुठलं?"

मी पुन्हा सांगितलं. ताजा शेपू, ताजा लसूण. ते सहानुभूतीने ऐकत होते. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. दुकानात मिळतं पाकीट. एक कप बटरमिल्क, एक कप मेयोनीज आणि ते पाकीट. फार सोपंय. तुलाही जमेल."

तुलाही जमेल!

मी म्हटलं, पाकीट यायच्या आधीही रँच होतंच की. झालं, कीर्तनकाराने पूर्वरंग संपवून आख्यान लावावं तसे ते मागे रेलले. स्टीव्ह हेन्सन, आपल्या नेब्रास्काचा माणूस. अलास्कात प्लंबिंगची कामं घ्यायचा, तिथल्या कामगारांना रांधून घालता घालता हे त्याला सापडलं. मग 1954 साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ एक रँच (हे खायचं नव्हे, पाहुणे उतरायची मोठी वाडी) घेतलं, नाव ठेवलं हिडन व्हॅली. पाहुणे यायचे, सॅलड खायचे आणि जाताना बरणी भरून मागायचे. शेवटी त्याने मसाल्याची पाकिटं करून टपालाने धाडायला सुरुवात केली. "बघ," आजोबा म्हणाले, "शेवटी पाकीटच."

"आणि 1972 मध्ये 80 लाख डॉलरला धंदा विकला क्लोरॉक्सला," मी म्हटलं. "कपड्यांचं ब्लीच करतात ना, त्यांना."

वाटलं, आता तरी जरा दचकतील. आजोबांनी खिशातली बाटली काढून उजेडात धरली. "म्हणूनच इतकं पांढरंशुभ्र!"

मग ते कशाकशाला लावायचं याची यादी झाली. पिझ्झाच्या कडांना. उकडलेल्या मक्याच्या कणसाला, लोण्याच्या वर. भाजलेल्या बटाट्याला, तळलेल्या लोणच्याच्या काकडीला, चिकन विंग्जना. त्या विंग्ज जिथल्या, त्या बफेलो गावात रँच मागितलं तर लोक तोंड फिरवतात, तिथे ब्लू चीजच लागतं, हे मी सांगून पाहिलं. "म्हणून मी बफेलोला जात नाही," हे उत्तर. डॅलसमधल्या एका पिझ्झावाल्याने लोक सारखे रँच मागतात म्हणून वैतागून एक बाटली काचेच्या पेटीत ठेवली आणि किंमत लावली 1000 डॉलर. तो पिझ्झावाला मला सख्खा भाऊ वाटतो. आजोबांच्या दिवंगत पत्नी मात्र डोरोथी लिंचवाल्या होत्या. म्हणजे नेब्रास्कातलंच ते नारिंगी, गोडसर, टोमॅटोचं ड्रेसिंग. "जमवून घेतलं आम्ही," आजोबा म्हणाले. "फ्रीजचे कप्पे वेगळे ठेवले."

आता हे त्या राज्यातले लोक, जिथे तिखट चिलीबरोबर (मिरची नव्हे, खिमा-राजम्याचा रस्सा) दालचिनीचे गोड रोल खातात. शाळेतल्या जेवणापासून. आणि माझ्या वडीकडे बघून विचारतात, यात नक्की काय काय आहे?

"तुझ्या रँचमध्ये काहीतरी कमी आहे," आजोबा शेवटी म्हणाले.

"अजिनोमोटो," मी म्हटलं. "एमएसजी."

"छे छे! मला ते अजिबात चालत नाही. चायनीज खाल्लं की डोकं धरतं."

मी त्यांच्या बाटलीमागची यादी दाखवली. चष्मा गाडीत राहिला होता.

इथे मात्र मला हसता आलं नाही. 1968 साली एका वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आलं आणि चायनीज जेवणानंतर होणाऱ्या त्रासाला "चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम" असं नाव पडलं. तेव्हापासून या देशातले चायनीज हॉटेलवाले दारावर "आमच्याकडे एमएसजी नाही" अशा पाट्या लावून बसलेत. रँचला अशी पाटी कधी लावावी लागली नाही. रँच 1992 मध्ये इटालियन ड्रेसिंगला मागे टाकून देशात पहिल्या नंबरवर गेलं, त्याच्या चवीचे चिप्स 1986 पासून पोरं खातायत, डोकं कोणाचंही धरत नाही. ऑफिसात मी डब्यात लसणाची चटणी उघडली की खिडकीकडे बघणारी बाई रोज दुपारी लसणाच्या पावडरीत गाजरं बुडवून खाते. तिला मी आजवर काही बोललेली नाही. बोलणारही नाही, पण लिहिते आहे.

असो. आजोबांना भूक लागली. त्यांनी एक वडी घेतली, वरून बाटली पिळली, खाल्ली आणि मान डोलावली. "हे छान आहे! तुमच्याकडे याला काय लावून खातात?"

मी मुकाट्याने हिरव्या चटणीकडे बोट दाखवलं. कोथिंबीर, पुदिना, मिरची, लिंबू. त्यांनी कागदी वाटीत चमचाभर चटणी घेतली, त्यात बाटलीतलं रँच ओतलं, गाजराने ढवळलं आणि चाखून असे ओरडले की लोकांना वाटलं टचडाउन झालं. पाच मिनिटांत वाटीभोवती गर्दी. टेक्सासात मिरच्या घातलेलं रँच सर्रास मिळतं, यात नवीन काही नाही, हे मी दोघातिघांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही. त्या गर्दीत वडी बुडवणारा एक हात माझ्या ओळखीचा होता. त्याच्या मनगटावर मी दिलेलं घड्याळ होतं. गाडीत तो हात म्हणाला, "अगं, सगळे खात होते म्हणून."

पुढच्या शनिवारच्या मॅचसाठी कोणी काय आणायचं त्याची यादी काल आली. सगळ्यात वर आजोबांचं नाव आणि पुढे लिहिलंय: ग्रॅन्डपाचं ग्रीन रँच, होममेड. माझं नाव खाली, कागदी प्लेट्ससमोर. आणि पुढे कंसात: जमलं तर ती हिरवी चटणी, जरा जास्त.