प्रकल्पाचा विषय गावातलाच द्या

गेल्या आठवड्यात नववीच्या 42 प्रकल्पवह्या तपासल्या. विषय होता ‘प्रदूषण : समस्या व उपाय’. तो आला होता ठरलेल्या यादीतून, पण वर्गात सांगितला मीच, त्यामुळे जबाबदारी माझीही आहे. 29 वह्यांमध्ये पहिलं वाक्य अक्षर न् अक्षर सारखं निघालं. मुखपृष्ठावर धुराच्या चिमण्या आणि डोळ्यांत पाणी आलेली पृथ्वी. एका मुलाने शेवटच्या पानावर ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ हेसुद्धा वळणदार अक्षरात उतरवून खाली पट्टीने रेघ मारली होती. त्याला मी एका शब्दानेही बोलले नाही. सांगितलेलं काम त्याने मन लावून केलं होतं.

आमच्या शाळेकडे येताना एक ओढा लागतो. बाजारतळावरचा सगळा कचरा त्यात जातो, उन्हाळ्यात नाकाला पदर लावल्याशिवाय पुलावरून जाता येत नाही. ही सगळी पोरं रोज दोनदा त्या पुलावरून जातात. 42 पैकी एकाही वहीत तो ओढा नव्हता.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. मुलांना विषय कोणता द्यायचा, याचा विचार आपण फार कमी करतो. जून-जुलैत यादी काढली, फळ्यावर लिहिली, झालं. मग पालक दुकानात जातात. तिथे चित्रांचे तक्ते, रंगीत कागद, छापून ठेवलेली माहिती सगळं तयार मिळतं. एका मुलीच्या वडिलांनी प्रिंटा काढायला 120 रुपये दिले. ते रोजंदारीवर जातात. ती माहिती मुलीने वाचलेली नव्हती, हे दोन प्रश्न विचारल्यावर कळलं. आता तर फोनला विचारलं की अर्ध्या मिनिटात दोन पानं हजर होतात. दोष फोनला का द्यायचा? जो विषय कुणाच्याही नावावर खपतो, त्याचं उत्तरही कुणाचंही उचललेलं चालतं.

कागदावर सगळं नीट लिहिलेलं आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचं पहिलंच तत्त्व आहे की ज्ञान शाळेबाहेरच्या जगण्याशी जोडायचं. आमच्या पिढीला तिसरीत आपापल्या जिल्ह्याचा भूगोल होता. बीडच्या मुलाने आधी बिंदुसरा नदी आणि बालाघाटचे डोंगर शिकायचे, जग पुढच्या इयत्तांत. विचार किती साधा आणि पक्का होता! प्रकल्पाच्या वहीपर्यंत येता येता तो कुठे सांडला, कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एका वर्गाला यादीबाहेरचा विषय दिला होता : ‘आपल्या घरातली जुनी मापं’. तो प्रकल्प अजून डोळ्यांसमोर आहे. पहिल्या दिवशी पोरांचे चेहरे पडले, कारण नेटवरून उतरवायला काही सापडेना. मग ती आज्यांकडे गेली. आठवड्याने एक मुलगी पिशवीतून धान्य मोजायची भांडी, लोखंडी शेर आणि पितळी चिपटं, घेऊन आली. दुसऱ्याने पायली आणली, तळाला खड्डे पडलेली. फळ्यावर यादी उभी राहिली : दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. मागच्या बाकावरचा एक पोरगा, एरवी गणिताच्या तासाला खाली मान घालून बसणारा, एकदम म्हणाला, “बाई, हे तर समदं दुप्पट-दुप्पटच हाय की!” एका पायलीत निळवी किती, हे त्याने तोंडी सांगितलं : 64. घातांक मी त्या वर्गाला त्या दिवशी शिकवले. पुस्तकातलं ते प्रकरण यायला अजून वेळ होता.

मग शेरभर ज्वारी आणि शेरभर भुईमुगाच्या शेंगा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवल्या. माप तेच, पण शेंगा ज्वारीच्या निम्म्याही भरल्या नाहीत. असं का, यावर पोरांची अर्धा तास हमरीतुमरी झाली. शेंगांच्या मधल्या फटी, टरफलाच्या आतली पोकळी, माप सपाट भरायचं की शीग लावून (काठाच्या वर रास करून), सगळं निघालं. घनता हा शब्द मी सर्वांत शेवटी उच्चारला, तोवर त्यांना तो कळून चुकला होता.

एकीची आजी स्वतः वर्गात आली. पायलीने ज्वारी मोजताना पहिलं माप टाकलं आणि म्हणाली, “लाभ.” मग दोन, तीन, चार. मुलांनी विचारलं, एक का नाही म्हणत? “पहिल्या मापाला एक म्हणू नाही, लाभ म्हणावं. खळ्यावर लक्ष्मी असती.” वर्ग गप्प झाला. शाळेची पायरी कधीही न चढलेली ती बाई चाळीस मुलांना शिकवत होती आणि तिची नात पहिल्या बाकावर ताठ बसली होती.

आणखी एक गोष्ट मनाला लागलेली आहे. निबंधाचा ठरलेला विषय, ‘दिवाळीच्या सुट्टीतील सहल’. आमच्या भागातली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात, ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. अशा एका मुलाने मला महाबळेश्वरची सहल लिहून दिली. वेण्णा लेक, घोडे, स्ट्रॉबेरी, सगळं गाइडमधलं. त्याने महाबळेश्वर पाहिलेलं नव्हतं. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, तुला वाटलं तर उसाच्या फडाबद्दल लिही. वाटलं तरच. आठ दिवसांनी त्याने पाच पानं आणली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे त्यात होतं. मोळी बांधायला वेगळी दोरी नसते, उसाच्या वाढ्यानेच बांधतात, हे होतं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल कशी फिटते याचा हिशोब होता, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पाणी शिरलं ती रात्र होती, आणि एका टनाला किती मोळ्या लागतात हे त्याने स्वतः मोजून मांडलेलं होतं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. मी त्या पानांवर लाल शाई लावली नाही.

इथे एक सांभाळावं लागतं. ‘घरचं लिही’ म्हणताना पोराला चारचौघांत उघडं पाडायचं नाही. त्याच्या घरची ओढाताण वर्गासमोर वाचायला लावली तर तो विषय शिक्षेसारखा होतो. म्हणून मी नेहमी दोन-तीन विषय देते आणि निवड त्यांच्यावर सोडते.

सहकारी म्हणतात, अशाने मुलं गावातच अडकतील, त्यांना अवकाश, हवामानबदल, संगणक हे कोण सांगणार? मी सांगते की! पण ज्याने स्वतःच्या विहिरीचं पाणी दर महिन्याला दोरी सोडून मोजलंय, त्याला भूजलाचा धडा वेगळाच समजतो. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डीला खेड्यातल्या लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे गोळा केले. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर अनुताईंनी शाळाच कुरणावर नेली. ज्या मुलांच्या घरात पुस्तक नव्हतं त्या मुलांसाठी हे झालं. आपल्याकडे आज खडू-फळ्यापासून टीव्हीपर्यंत सगळं आहे, आणि पोरं रडणारी पृथ्वी चिकटवतायत.

या वर्षी मी आठवी-नववीला हे विषय ठेवलेत : गावातला ओढा (कचरा कुठून येतो, पावसाळ्यानंतर कुठे जातो), एसटी स्टँडवरचा एक तास, घरातल्या एका अवजाराची गोष्ट, आणि पुन्हा एकदा जुनी मापं. खर्च शून्य, चित्रं स्वतः काढायची, निदान तीन माणसांशी बोलायचं आणि ती काय म्हणाली ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं.

मापांसाठी तुमची मदत हवी आहे. आमच्याकडची यादी वर दिली आहे. कोकण-गोव्याकडे कुडव नावाचं माप असतं एवढं ठाऊक आहे, पण एका कुडवात तुमच्या घरी किती पायल्या धरत? विदर्भात, खानदेशात, बेळगावकडे काय चालायचं? अधोलीला कुणी अडशिरी म्हणतं का? घरात आजी असेल तर आजच विचारा आणि खाली लिहा, गावाचं नाव टाकून. सोमवारी वर्गात तुमच्या कॉमेंट वाचून दाखवणार आहे.